जलपर्णीला पोसतंय कोण?

परत एकीचा मेसेज आला, तुमच्या तळ्यातली जलपर्णी कशी घालवली, कुठलं औषध मारलं ते सांग. आता एकदाचं सगळं लिहूनच टाकते, कारण कुडाळपासून पार चिपळूणपर्यंत ज्याच्या त्याच्या गावात हेच चाललंय आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय. औषध मारलं नाही. आणि "घालवली" पण म्हणता येणार नाही, आहे अजून, फक्त आता तिच्यापेक्षा आम्ही थोडे पुढे आहोत एवढंच.

आमचं तळं काही धामापूरसारखं नाही (ते १५३० सालचं, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालेलं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या भोवती अजून रान शिल्लक आहे). आमचं साधं, वाडीचं. एका अंगाला माड-पोफळी, जुनी घरं, देऊळ, धुण्याच्या पायऱ्या, आणि दुसऱ्या अंगाला बंगल्यांची स्कीम जिच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात "लेक व्ह्यू" होतं. वाडीतले लोक ओरडत होते की तळं भरत चाललंय तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही, पण लेक व्ह्यूवाल्यांना गॅलरीतून पाण्याऐवजी हिरवं मैदान दिसायला लागलं आणि संध्याकाळी दार उघडं ठेवणं मुश्कील झालं तेव्हा हालचाल सुरू झाली. डासांचं पण खोटं नाही हां, मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात, श्वास घ्यायला वर यावं लागत नाही, त्यामुळे पाण्यावर तेल-बिल टाकून त्या मरत नाहीत.

ही बया मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेचं झाड म्हणून बंगालात आली आणि पुढे तिथले नदीनाले एवढे तुंबले की १९३६ साली फक्त तिच्यासाठी कायदा करावा लागला. आणि तरी आजही लोक ती हौसेने अंगणातल्या कुंडीत आणून ठेवतात, फूल छान असतं ना. जांभळं, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. आमच्याकडे ती कशी आली यावर वाडीत तीन मतं आहेत आणि तिन्हींमध्ये कोणीतरी चाकरमानी आहे.

एक रोप हातात घेऊन नीट बघा म्हणजे सगळं कळतं. देठ फुगलेला, दाबला की मऊ लागतो, कापला तर आत नुसती हवेची जाळी, म्हणून तरंगतं. खाली मुळांचा काळसर जांभळा झुपका, हातभर लांब, त्यात गाळ अडकलेला, आणि तो झटकला की बारकी कोळंबी, चतुराच्या अळ्या, बोटाएवढे मासे टपाटपा पडतात (ते परत पाण्यात सोडायचे, आमच्याकडची पोरं हेच काम आवडीने करतात). आणि बाजूने एक दोरीसारखा कोंब निघालेला असतो ज्याच्या टोकाला पुढचं रोप तयार, केळीला पिलं फुटतात तसं, फक्त केळीला महिने लागतात आणि हिला दिवस. हवापाणी मानवलं तर एक-दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. म्हणजे अर्धं तळं झाकलंय, बघू पुढच्या महिन्यात असं म्हणालात की संपलं.

काढायची पद्धत. पहिल्यांदा एका ठेकेदाराला काम दिलेलं, त्याने जेसीबी आणला, काठावरून जेवढा हात पोचतो तेवढी उपसली आणि तिथेच काठावर ढीग मारून, फोटो काढून, बिल लावून गेला. मधला भाग तसाच. आणि पहिल्या मोठ्या पावसात तो ढीगसुद्धा परत आत. त्यानंतर जे चाललं ते रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जुनं जाळं. वेंगुर्ल्याकडून ओळखीने एक फाटका तुकडा मिळाला, त्याला वर थर्माकोलचे फ्लोट तसेच होते, दोन्ही काठांवर माणसं उभी राहून रापण ओढतात तशी हळूहळू ओढत आणायची, मध्ये ट्रकच्या ट्यूबवर दोघं बसून सुटलेली ढकलायला. एकदम सगळी ओढायला जाऊ नका, भिजलेल्या जलपर्णीचं वजन काय असतं ते ओढल्यावरच समजतं. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच आहे. म्हणून आधी वर सड्यावर (माथ्यावरच्या उघड्या पठारावर) नेऊन कातळावर पसरायची, मेच्या उन्हात वाळून तिचा पार चोथा होतो, मग माडाच्या आळ्यात, कलमांच्या बुडाशी आच्छादन म्हणून घाला नाहीतर शेणात मिसळून खत करा. फक्त फुलं येऊन गेलेली असतील तर थेट बागेत नको, नीट कुजवून मगच, आणि शहरातल्या, कारखान्याच्या पाण्यातली असेल तर अजिबातच नको कारण ती जड धातू शोषून ठेवते. कल्याणजवळ उल्हास नदीत दर उन्हाळ्यात जी भरते तिच्या खताची भाजी मी तरी खाणार नाही.

वेळ मेची का, तर पाणी सगळ्यात कमी असतं, पसारा आवळून मध्यभागी येतो. शिवाय पावसाळ्यात कमळपक्षी पानांवर घरटी करतात, तेव्हा धिंगाणा नको. पण यात एक गोम आहे. पाणी मागे हटलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात आधीच्या वर्षांचं बी असतं, ते पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतं, आणि ओल्या चिखलात ऊन मिळालं की रुजतं. दोन पानांची बारीक रोपं, गवतात दिसत पण नाहीत. मोठी जलपर्णी काढून सगळे टाळ्या वाजवून घरी जातात आणि ही रोपं मृगाच्या पाण्याबरोबर तरंगायला लागतात. खरं काम तेव्हा, जूनमध्ये, काठाने वाकून चालायचं. या कामाला फोटोला कोणी येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी जलपर्णी बऱ्यापैकी निघाली, पाणी दिसायला लागलं, सगळे खूश, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते पाणी हिरवं. नुसतं हिरवट नव्हे तर ऑइलपेंट ओतल्यासारखं, वास मारणारं. जलपर्णी होती तोवर ऊन खाली जात नव्हतं आणि पाण्यातलं खाद्य ती खात होती, ती गेल्यावर ऊन आणि खाद्य दोन्ही शेवाळाला मोकळं.

हे खाद्य नेमकं कुठलं, तर मुख्यतः फॉस्फरस. कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातल्या २२६ नंबरच्या तळ्याला १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या टीमने मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच घालून वर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा नाही. विमानातून काढलेला तो फोटो नेटवर मिळेल, मी तो प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या मिटिंगला नेला होता आणि माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा त्याने जास्त काम केलं.

फॉस्फरस आमच्या तळ्यात येतो कुठून? कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, संडासचं पाणी, गुरांचं शेण, कलमांना घातलेलं खत, निर्माल्य. आपला जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, त्यात तळ्याला लागून शोषखड्डा मारला की पाणी "जिरलं" म्हणतात ते काही दिवसांनी तळ्यातच उतरतं. आणि इथे आपल्या लाल मातीची एक करामत आहे. तिच्यात लोखंडाचे ऑक्साइड भरपूर, ते फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतात, बागायतदारांना हे माहितीये, सुपर फॉस्फेट घातलं तरी निम्मं मातीच गिळते. तळ्याच्या दृष्टीने बरंच आहे की हे. पण तळाशी ऑक्सिजन असेपर्यंतच. वर जलपर्णीची चटई, खाली कुजणारा पाला, ऑक्सिजन संपला की त्या लोखंडाची पकड सुटते आणि इतक्या वर्षांचा साठलेला फॉस्फरस गाळातून परत वर. म्हणजे बाहेरून येणारं आज बंद केलं तरी तळं स्वतःच्या गाळावर आणखी काही वर्षं हिरवं राहू शकतं. हे लोकांना सांगणं फार अवघड जातं, सगळ्यांना या गणपतीपर्यंत स्वच्छ हवं असतं.

मिटिंगमध्ये अर्थातच पहिला वार झाला तो पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायकांवर. एक काकी उभ्या राहून म्हणाल्या, "गो बाय, त्या बंगल्यांचा घाण पाणी चलता, आणि माझो साबण चलना नाय?" सगळे गप्प. बरोबरच होतं त्यांचं. सात-आठ बायकांच्या साबणाच्या वड्या एकीकडे आणि वीकेंडला फुल्ल भरलेल्या बंगल्यांची वॉशिंग मशीनं आणि संडास दुसरीकडे, हिशोब करा. शेवटी ठरलं ते असं की धुण्याचा दगड पायऱ्यांवरून उचलून थोडा मागे, पाणी कर्दळ आणि अळूच्या वाफ्यात सोडायचं, आणि बंगल्यांनी तळ्याकडचे शोषखड्डे बंद करून पलीकडच्या उतारावर न्यायचे. दगड लगेच हलला. शोषखड्डे... काहींनी केले, काहींचं "इंजिनिअरशी बोलतोय" चालूच आहे. त्यांच्या लॉनला लागणारं खत हा वेगळाच विषय, समुद्रकाठच्या कोकणात लॉन कशाला हवं हेच मला कळलेलं नाही.

आता औषधांचं. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका असं सांगणारे भरपूर भेटतील. शेवाळ मरतं हो, पण सगळं एकदम मरून कुजतं, रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, शिवाय तांबं गाळात बसतं ते कायमचं. जलपर्णीवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचा तर विषयच नको, २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावर बंधन घातलंय, पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कोणी वापरायचं नाही, आणि मुख्य म्हणजे तळ्याच्या झऱ्यांवर आमच्या विहिरी आहेत. मेलेली जलपर्णी पण तिथेच बुडणार, म्हणजे परत गाळ. एक जण कारंजं विकायला आलेला. दिसायला छान, पण ते वरचंच पाणी उडवतं, हवा हवी असते तळाशी.

जलपर्णी खाणारे भुंगे, नियोकेटिना, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले होते आणि बंगळुरूकडच्या तळ्यांत त्यांनी चांगलं काम केलं. पण त्याला काही वर्षं धीर धरावा लागतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात अर्धी जलपर्णी भुंग्यांसकट सांडव्यावरून वाहून जाणार. गवत्या मासा म्हणजे ग्रास कार्प सोडायचा विचार अजून चालू आहे. तो जलपर्णीला फारसं तोंड लावत नाही, त्याला आवडतं पाण्याखालचं हायड्रिलासारखं मऊ गवत, आणि ते तर आपलं देशी, बारक्या माशांना लपायला लागतं. जास्त सोडले तर सगळं चरून पाणी गढूळ करून ठेवतील.

शेवाळाबद्दल एक उपयोगाचं सांगते. काठी घालून बघा. काठीला हिरवे धागे लोंबत आले तर ते दिसायला घाणेरडं पण तसं निरुपद्रवी, दाताळ्याने ओढून काढा. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली तर संशय घ्यायचा, ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, म्हणजे खरं तर बॅक्टेरिया. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी हिरवं खाली बसलं असेल तर बहुतेक साधं, वर तवंग आला असेल तर निळं-हिरवं. त्यातल्या काही जाती विष सोडतात आणि पाणी उकळून ते विष जात नाही. अशा वेळी गुरं-कुत्री पाण्यावर सोडू नका, पोरांना पोहायला बंदी, आणि पंचायतीमार्फत पाणी तपासायला पाठवा. घरच्या बरणीवर शंभर टक्के भरवसा ठेवू नका, आणि ती बरणी नंतर लोणच्याला वापरू नका, आमच्या सासूबाई अजून त्यावरून बोलतात.

बाकी काठचं पाणकणीस, लव्हाळा, एका कोपऱ्यातली कुमुदिनी आम्ही ठेवलीये. लेक व्ह्यूवाल्यांना ते पण "साफ" हवं होतं. नाही म्हटलं, वरून येणारा गाळ तेच अडवतं आणि पाणकोंबड्या तिथेच असतात.

सध्या परिस्थिती अशी की जलपर्णी एका खाचरापुरती उरलीये, पाणी मार्चपर्यंत बरं असतं, एप्रिलमध्ये हिरवं होतं पण तो ऑइलपेंट यंदा आला नाही. आता तातडीचं काम सांडव्याचं. पाऊस लागला की उरलेली तिथून वहाळात (ओढ्यात) उतरते, खाडीपर्यंत पोचली तर खाऱ्या पाण्यात मरते, पण मध्ये खालच्या वाडीचे बंधारे आहेत आणि तिकडच्यांनी आम्हाला आधीच चार शब्द ऐकवलेत. मृगाच्या आधी सांडव्याच्या तोंडावर बांबू आडवे बांधून त्याला जाळं लावायचंय. बांबू मिळालेत, जाळं कमी पडतंय. मालवण-देवगडकडे कोणाकडे जुनं, मजबूत, बारीक आसाचं पडलेलं असेल तर कळवा, गाडी घेऊन येतो आम्ही.