पाकिटावरचा शेरा

महापालिकेच्या विभागीय चौकशी कक्षात मी अकरा वर्षं काढली. आमच्याकडे गैरहजेरीच्या फायली सतत यायच्या आणि त्यांत सफाई कामगारांच्या जास्त. त्यांचा रस्ता ठरलेला असतो. कोठीवरून, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या चौकीवरून, आरोग्य निरीक्षकाचा अहवाल, मग कारणे दाखवा नोटीस, मग दोषारोपपत्र आणि त्याला चार जोडपत्रं, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल आणि शेवटी आदेश. कामगार आलाच नाही तर चौकशी एकतर्फी होते, फाईल लवकर हातावेगळी होते. अशी फाईल आली की टेबलावरच्या माणसाला बरं वाटतं. मलाही वाटायचं.

ही फाईल तशीच संपलेली होती. झाडणकामाच्या एक बाई, नोकरी एकोणीस वर्षं, विनापरवानगी गैरहजेरी 87 दिवस. शिक्षा, सेवेतून काढून टाकणे. नियमांत ही शिक्षा बडतर्फीपेक्षा सौम्य धरतात, कारण बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही, काढून टाकलेल्याला मिळू शकते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, आयुष्यभर रस्ता झाडलेल्या बाईला या सौम्यपणाचा काय उपयोग, हे मला तेव्हा सुचलं नाही. आदेशाआधीची टिपणी माझीच होती. 'अपचारी कर्मचाऱ्यास पुरेशी संधी देऊनही त्या चौकशीस हजर राहिल्या नाहीत, सबब...' हे वाक्य मी इतक्या टिपण्यांत लिहिलं होतं की हात आपोआप चालायचा.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 56 प्रमाणे, आयुक्तांनी नोकरीवरून काढलं तर कर्मचाऱ्याला एका महिन्यात स्थायी समितीकडे अपील करता येतं. समिती शिक्षा कायम ठेवू शकते किंवा तिच्याऐवजी दुसरा, हलका आदेश देऊ शकते. त्याआधी शिक्षा देणाऱ्याचा अभिप्राय मागवावा लागतो. आयुक्तांच्या वतीनं तो अभिप्राय तयार करायचं काम फिरून माझ्याच टेबलावर आलं.

बाईंनी अठ्ठाविसाव्या दिवशी अपील दिलं होतं. फुलस्केपचा एक कागद, युनियनमधल्या कुणीतरी लिहून दिलेला. 'मला एकही कागद मिळाला नाही. नवरा दवाखान्यात होता. मुकादमाला सांगून गेले होते.' खाली सही, शाळेत गिरवल्यासारखी सुटी सुटी अक्षरं. कागद मिळाला नाही असं बहुतेक अपिलांत असतंच. ते खोडून काढायला म्हणून मी फायलीतून रजिस्टर पोस्टाची परत आलेली पाकिटं काढली.

तीन पाकिटं होती, न फोडलेली, एकावर एक ठेवून टॅगमध्ये ओवलेली. कपाटातल्या ओलीनं कडा फुगल्या होत्या. पहिल्यांदाच मी ती टॅगमधून सोडवली आणि उलटून पाहिली. पहिल्यावर निळ्या बॉलपेननं शेरा होता, 'घर बंद'. दुसऱ्यावर, 'घर पाडले'. तिसऱ्यावर पोस्टमननं पुन्हा तेच लिहून खाली रेघ ओढली होती. चौकशी अहवालात मात्र लिहिलं होतं, 'नोटीस स्वीकारण्यास टाळाटाळ केली'. अहवालातून ते माझ्या टिपणीत उतरलं आणि टिपणीतून आदेशात.

पत्ता नाल्याकाठच्या वस्तीचा होता. तो वाचला आणि पोटात गोळा आला. नाला रुंदीकरणात ती वस्ती आम्हीच, म्हणजे महापालिकेनंच, हलवली होती. झोपडपट्टी विभाग आमच्या खाली दोन मजल्यांवर. जिना उतरून गेलो. तिथल्या लिपिकानं दहा मिनिटांत नोंदवही काढून दिली. संक्रमण शिबिरातल्या खोलीचं वाटपपत्र, त्यावर बाईंचं नाव, खोली क्रमांक आणि तारीख. आमच्या पहिल्या नोटिशीच्या दोन महिने आधीची. वर बोधचिन्ह तेच, जे आमच्या नोटिशीवर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कोठीवर गेलो. हजेरीपटावर लाल शाईत 'गै'ची रांगच्या रांग होती. मुकादम आधी काही बोलेना. मग म्हणाला, "तोंडी सांगितलं होतं हो बाईनी. लेखी नाही दिलं काही. माझं नाव नका घालू साहेब." मी घातलं नाही. त्या माणसालाही घर होतं.

बाईंना कार्यालयात बोलावून घेतलं. त्या खुर्चीवर बसेनात. पिशवीतून जिल्हा रुग्णालयाचं कार्ड काढून समोर ठेवलं. मी दिवस मोजले. कार्डावर 52 भरले.

"मावशी, उरलेले पस्तीस?"

"ते गेले ना साहेब. मग गावाला होते."

"अपिलात का नाही लिहिलं हे?"

"लिहून देणाऱ्याला घाई होती."

मी अभिप्रायाचा मसुदा नव्यानं लिहिला. नोटीस पोहोचलेली नाही. न पोहोचण्याचं कारण महापालिकेला माहीत होतं. चौकशी अहवालाची प्रतही त्याच पाडलेल्या घरी पाठवली गेली. शिक्षेआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 1993 मध्येच सांगितलेलं आहे. आणि गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येत नाही, हा त्याच न्यायालयाचा 2012 चा निकाल. हे दोन्ही मला पाठ होते. माझ्या टिपणीत ते कधी आले नव्हते, एवढंच.

उपायुक्त साहेब मसुदा वाचून तापले. "अभिप्राय आयुक्तांचा जातो, तुमचा नाही. आपणच आपला आदेश चुकीचा म्हणायचा?" मी काही न बोलता दुसरं पाकीट पुढे सरकवलं. त्यांनी ते उलटून बराच वेळ पाहिलं. "हे आधी का नाही दिसलं?" "मी पाहिलं नाही, साहेब." त्यांनी मसुद्यातलं शेवटचं वाक्य खोडलं, 'वस्तुस्थिती सादर, समितीने उचित निर्णय घ्यावा' असं लिहिलं आणि सही केली. त्यांच्या जागी राहून एवढं करणंही सोपं नव्हतं, हे मी आजही मानतो.

स्थायी समितीत सोळा सदस्य असतात आणि बैठक आठवड्याला. त्या दिवशी कार्यपत्रिकेवर निविदांचे विषय भरगच्च होते, आमचा विषय तळाशी. बाई दाराबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होत्या. संध्याकाळी साडेपाचला नगरसचिवांनी विषय वाचला. एक सदस्य घड्याळाकडे बघत म्हणाले, "गैरहजेरीच आहे ना? दप्तरी दाखल करा." सभापतींनी मान हलवली. अपील फेटाळल्यातच जमा होतं.

पलीकडच्या एक नगरसेविका म्हणाल्या, "थांबा. अभिप्रायात पाकिटाचा उल्लेख आहे. ते बघू द्या."

मी पाकीट दिलं. त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला, "घर पाडले." मग वाटपपत्र वाचलं, तारखेसह. पाकीट शेजारच्या सदस्याकडे गेलं, तिथून पुढे, हातोहात सगळ्या टेबलाभोवती. कुणी बोलत नव्हतं. मघाशी घड्याळ बघणाऱ्या सदस्यांनी ते सगळ्यांत जास्त वेळ हातात धरलं. ती वस्ती त्यांच्याच प्रभागातली होती.

बाईंना आत बोलावलं. सभापतींनी विचारलं, "रजेचा अर्ज का नाही दिलात?"

"चुकलं," बाई म्हणाल्या. दुसरं काही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याचंही नाही.

आदेश झाला: काढून टाकण्याची शिक्षा रद्द, त्याऐवजी एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखावी, 87 दिवस असाधारण रजा धरावी, कामावर रुजू करून घ्यावं, मात्र सेवेबाहेरच्या काळाचं वेतन नाही. हे शेवटचं मला अजून खटकतं. चूक पत्त्याची होती आणि पत्ता आमच्याच घरात होता. चुकीच्या रीतीनं काढलेल्या माणसाला मागचं वेतन देणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं होतं. तेही अभिप्रायात लिहायला हवं होतं. एवढं मिळालं तर पुरे, असं मनाशी धरून मी लिहिलं नाही. त्या महिन्यांचा पगार बाईंना माझ्या त्या भिडेपायी मिळाला नाही, असंच मी समजतो.

पुढे निवडणुका लांबल्या आणि अनेक महापालिकांत आयुक्तच प्रशासक झाले. स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे आले. शिक्षा देणारा आणि अपील ऐकणारा माणूस एकच. त्या काळात अपिलाची फाईल हाताखालून गेली की ते टेबलाभोवती फिरलेलं पाकीट डोळ्यांपुढे यायचं.

आदेशानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी बाई कक्षात आल्या. काम सुटल्यावर थेट आलेल्या, चपलांना अजून रस्त्याची माती. हातात फुलस्केपचा कागद, या वेळी स्वतःच्या अक्षरात. विषय: पत्ता बदलणेबाबत. खाली संक्रमण शिबिराची खोली, मजला, अगदी जिन्याची बाजूसुद्धा.

"कुठं द्यायचा हा?"

तो खरं तर आस्थापनेत द्यायचा असतो. मी त्यांना घेऊन तिथं गेलो, आवक क्रमांक पडेपर्यंत उभा राहिलो आणि शिक्का मारलेली दुसरी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चारदा घडी करून रुग्णालयाच्या कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली.