आमची वाटचाल : चिवड्याच्या पाकिटापासून बोलक्या बाहुल्यांपर्यंत

भोसरीत आम्ही सुरुवात केली ती फरसाणवाल्यांना नायट्रोजन भरणारी पॅकिंग मशिन्स बसवून देण्यापासून. ऑक्सिजनमुळे तेल खवट होतं, म्हणून पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरायचा. एवढंच काम.

मग बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे एक बुजुर्ग कलावंत आले. बाहुलीच्या गालावर बोट टेकवलं की पिवळी पूड हाताला लागत होती. आतला फोम पॉलिइथरचा, म्हणजे ऑक्सिजनने झिजणारा. गेलेला गाल परत येणार नव्हता, पण उरलेला चेहरा वाचवता येत होता. बाहुली नायट्रोजन भरलेल्या पिशवीत सीलबंद करायची. तिथून धंद्याला दुसरी शाखा फुटली.

पिशवीची एक बाजू ॲल्युमिनियमच्या थराची, दुसरी पारदर्शक बॅरिअर फिल्मची, म्हणजे वायू अडवणाऱ्या प्लास्टिकची असते. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आत झिरपतोच. सिलिंडरमधला वायू अगदी कोरडा असतो, म्हणून त्यातला काही भाग पाण्यातून बुडबुडत नेऊन ओलावा जुळवून घेतो. मीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा हवेतल्या २०.९ टक्क्यांवरून पुरेसा उतरला की उरलासुरला ऑक्सिजन शोषणारी लोहभुकटीची पुडी आणि दर्शक गोळी टाकून पिशवी सील करतो. ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या आत असला तर गोळी गुलाबी राहते, ०.५ च्या वर गेला की निळी पडते. ग्राहकाला घरबसल्या कळतं. रबरी खेळण्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

जुनी फिल्मची रिळं मात्र आम्ही सीलबंद करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. व्हिनेगरसारखा वास मारणारी ॲसिटेट फिल्म मुख्यतः ओलावा आणि उष्णतेने बिघडते. सुटणारं आम्ल पिशवीत कोंडलं की तेच तिला खातं. नायट्रेट फिल्म तर हवेशिवायही जळते, ऑक्सिजन तिच्या अंगातच असतो. पुण्यात २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग या शहराने पाहिली आहे. अशा ग्राहकांना आम्ही थंड, कोरड्या, हवा खेळत्या जागेचा सल्ला देतो आणि पैसे घेत नाही. सेल्युलॉइडच्या बाहुल्यांचंही तेच, कारण सेल्युलॉइडही नायट्रेटचंच.

नायट्रोजनऐवजी आर्गॉन वायू भरण्याची चौकशी बरेच जण करतात. तो महाग पडतो, आणि अशा पिशव्यांना नायट्रोजन पुरतो.

आता छोटी संग्रहालयं अशा पिशव्या भरायची स्वतःची खोली उभारायला बोलावतात. तिथे आमची एकच अट असते. नायट्रोजनला वास नाही, माणूस नकळत गुदमरतो. म्हणून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली जाताच वाजणारा भोंगा बसल्याशिवाय आम्ही गाडीतून सिलिंडर उतरवत नाही.