आमची वाटचाल: पद्मिनीला दुसरं इंजिन बसवताना

आमच्या गॅरेजची सुरुवात प्रीमिअर पद्मिनीच्या नेहमीच्या कामांनी झाली: कार्ब्युरेटर, किंगपिन, ब्रेकचे लायनर. पुढे काळ्या-पिवळ्या टॅक्स्या हटत गेल्या, पण घरची पद्मिनी जपणारे टिकून राहिले. त्यांना गाडी एक्स्प्रेसवेवर दमछाक न होता चालवायची होती. इंजिन-गिअरबॉक्स बदलण्याचं काम त्यातूनच वाढलं.

गिऱ्हाईक बोलायला लागतं ते इंजिनापासून. आम्ही मागच्या ॲक्सलपासून बघतो. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, गिअर चार. ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ४.३ धरलं तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३१०० च्या आसपास फिरतं. म्हणजे बऱ्याचदा कमी पडतो तो पाचवा गिअर, ताकद नव्हे.

त्यामुळे पहिली पसंती प्रीमिअरच्याच ११८ एनई गाडीतल्या निसान ए-१२ इंजिनाला, ११७१ सीसी. ताकद थोडीच वाढते आणि चांगल्या लायनरचे मूळ ड्रम ब्रेक ती पेलतात. इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट मिळालं तर उत्तम.

दुसरा पर्याय मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं), ८० अश्वशक्तीचं इंजिन. जिप्सीचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, त्यामुळे तो काढून गिअरबॉक्सच्या फ्लँजलाच (जोडणीच्या चकतीलाच) प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा, जोडता येतो. पाचवा गिअर ०.७९५ चा. त्याच ताशी ८० ला इंजिन २५०० वर उतरतं, आणि हा फरक कानाला लगेच कळतो. मात्र स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. तो गेला की काटा हलत नाही. शाफ्टवर सेन्सर लावून इलेक्ट्रॉनिक मीटर बसवावा लागतो. स्टिअरिंगवरचा गिअर जातो, फ्लोअर कापून टनेल करावा लागतो. इंजेक्शनला टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन आणि त्या दाबाचेच होज हवेत. जुने रबरी होज तिथे फाटतात. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग आणि सेन्सर एकाच गाडीतले घ्यावेत. आणि पुढचे डिस्क ब्रेक आधी, इंजिन नंतर. यावर आम्ही तडजोड करत नाही.

बसवताना रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स आधी टांगून बघतो. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, किंवा स्टिअरिंगच्या रॉडला लागतो का, हे तेव्हाच कळतं. गिअरबॉक्सची फ्लँज आणि डिफरन्शिअलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा) पिनियन एकमेकांना समांतर हवेत, आणि दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटांचा (शाफ्टच्या वळत्या सांध्यांचा) कोन १ ते ३ अंशांत. हे चुकलं की ठरावीक वेगाला फ्लोअर थरथरतं आणि जॉइंट लवकर जातात. माउंटिंगची पक्की वेल्डिंग कोन मोजल्यावरच. शाफ्ट नव्या लांबीला कापला की बॅलन्सिंग करून घ्यावाच.

कागदांचं काम सगळ्यांत आधी. इंजिन बदललं की नोंदणीतली माहिती जुळत नाही आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आड येतं. आरटीओची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत आम्ही जुनं इंजिन उतरवत नाही. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. इंजिन बदलून ती संधी घालवू नये. अशा गाडीचं मूळ इंजिनच बोअर करून (सिलिंडर थोडे रुंद करून), ओव्हरसाइझ पिस्टन घालून नीट बांधून देतो.

काम झालेली गाडी पहिल्या ५०० किलोमीटरनंतर परत आणावीच लागते. माउंटिंगचे आणि शाफ्टचे बोल्ट तेव्हा पुन्हा आवळतो.