तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टमध्ये औषध चालतंय, मग सांधा का काढायचा?

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक कागदावर बोट ठेवून विचारतात, मॅडम, इथे अँटिबायोटिकपुढे सेन्सिटिव्ह लिहिलंय ना, मग डॉक्टर इन्फेक्शन झालेला, बसवलेला सांधा काढायचा का म्हणतायत? खिडकीत उभ्या उभ्या हे नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

रिपोर्ट खरा असतो, सेन्सिटिव्ह म्हणजे ते औषध इन्फेक्शनच्या जंतूंवर चालतं. पण आम्ही ते जंतू वाढवून, द्रावणात मिसळून सुटे केलेले असतात आणि औषध त्या सुट्या जंतूंवर तपासतो. शरीरात ते इम्प्लांटला, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याला, चिकटून, एकमेकांना धरून, स्वतःच बनवलेल्या चिकट थरात बसलेले असतात, तीच बायोफिल्म. सकाळी दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना, तीही बायोफिल्मच, नुसती चूळ भरून ती जात नाही.

होतं असं की इम्प्लांट आत गेल्या गेल्या त्यावर रक्तातली प्रथिनं बसतात, आणि आपल्या पेशींना तिथे धरायला जागा मिळते तशी जंतूंनाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू एरवी आपल्या त्वचेवर कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो, तो तिथे पोचला की चिकटतो, वाढतो, थरावर थर चढवतो. 1957 मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिले होते, नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखोंनी जंतू लागले आणि रेशमी टाक्याचा धागा असला की काही शेच पुरले. एका धाग्याने एवढा फरक! मला हे आजही थक्क करतं.

आता औषधाचं. ते थरात शिरत नाही असं बरेच जण समजतात, पण बऱ्याचदा शिरतं. अडचण अशी की आत ऑक्सिजन आणि पोषण कमी, त्यामुळे खोलवरचे जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि आपली बरीचशी अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूंनाच मारतात. कोर्स होतो, ताप उतरतो, सगळे खूश, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तपासलं तर रिपोर्ट परत सेन्सिटिव्ह, कारण प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या आमच्या बशीत, आले की ते जागे झालेले असतात.

काढलेला सांधा आमच्याकडे येतो तेव्हा बघाल तर स्वच्छ, चकचकीत, घासून ठेवल्यासारखा. तो सलाइनमध्ये बुडवून मिनिटभर अल्ट्रासाऊंडच्या टबमध्ये धरतो, थर सुटतो, आणि ते पाणी प्लेटवर घालतो. मग कधी कधी सांध्याशेजारून घेतलेल्या टिश्यूच्या प्लेटवर काहीच उगवलेलं नसतं आणि या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपकेच ठिपके. ती प्लेट दाखवता आली असती ना, तर निम्मे प्रश्न तिथेच मिटले असते.

प्रत्येक वेळी काढावाच लागतो असं मात्र नाही. इन्फेक्शन पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं, सांधा ढिला झालेला नसला, तर थर अजून कच्चा असतो, मग सर्जन आत धुऊन, बदलता येणारे भाग बदलून बाकीचा तसाच ठेवू शकतात. म्हणून टाक्यांतून पाणी येतंय असं दिसलं तर प्लीज त्याच दिवशी सर्जनना दाखवा, आणि सॅम्पल घेण्याआधी घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. त्या गोळीने वरवरचे जंतू मरतात, आमची प्लेट कोरी राहते, आणि आतला थर तेवढ्या दिवसांत पक्का होत जातो.