तुम्ही विचारलंत म्हणून: सशीण गाभण आहे हे कळलंच कसं नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा जिना चढून जो कोणी वर येतो, तो आधी गॅलरीतले ससे मोजतो. आता चार आहेत, मध्यंतरी अकरा होते. मग प्रश्न येतो, ‘‘दोनच आणले होते ना? मग तिच्या पोटात पिल्लं आहेत हे तुम्हाला कळलंच कसं नाही?’’ काही जण सहज विचारतात. काहींच्या घरी नुकतेच ससे आलेले असतात आणि त्यांच्या आवाजात काळजी असते. उत्तर एवढं मोठं आहे की जिन्यात उभं राहून सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही ससे आणले. लेक सातवीत होती, दोन वर्षं मागे लागली होती. दुकानातल्या एकाच पिंजऱ्यात सात-आठ ससे होते. ‘‘बन्ने बहेनो छे, झगडशे नहीं,’’ दुकानदार म्हणाला. चार महिन्यांचे आहेत, असंही त्याने सांगितलं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके होते ती बुंदी, आणि नुसती पांढरीशुभ्र ती शेव. नावं लेकीने रिक्षातच ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी बुंदी व्याली.

सशाचे दिवस साधारण 31 असतात, फार तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. म्हणजे हिशेब सरळ आहे: बुंदी आमच्या घरी आली तेव्हा तिला बारा दिवस झालेले होते. आणि बाहेरून काहीही दिसत नव्हतं. गाय-म्हैस गाभण असली की पोटावरून, चालण्यावरून कळतं. सशाचं तसं नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे. दुखणं असो की पोटातली पिल्लं, अंगावर काही दिसू द्यायचं नाही हा त्याचा जन्माचा स्वभाव. त्यातून दाट लोकर. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला ती फक्त अंगाने भरल्यासारखी वाटली, आणि मी खूश झाले, की बरं झालं, आपलं खाणं तिला मानवलं.

खुणा नव्हत्या असं मात्र नाही. आज मागे वळून बघते तर एकेक लख्ख दिसते. पिंजऱ्यात हात घातला की बुंदी अंगावर यायची, गुरगुरायची. आम्ही म्हटलं, नवीन जागा आहे. माजघरात सोडली की शिवणयंत्राखालचा कोपरा पंजांनी उकरत बसायची. सोळाव्या की सतराव्या दिवशी तोंडात वाळलेल्या गवताची मूठभर काडी आडवी धरून खोलीभर फिरली. दोन्ही बाजूंनी काड्या बाहेर आलेल्या. लेकीने फोटो काढला, तो अजून आमच्याकडे आहे. सशीण अशी गवत वाहायला लागली की ती घर करतेय, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तिने पोटावरचे आणि गळ्याखालचे केस उपटायला सुरुवात केली. गुलाबी कातडी दिसायला लागली. मला वाटलं, खरूज. सासूबाईंनी खोबरेल दिलं आणि मी ते लावलं. सशीण पिल्लांना ऊब द्यायला स्वतःच्या अंगाची लोकर काढून अंथरते, त्यामुळे आचळंही मोकळी होतात. त्या रात्री ती पिल्लांची गादी भरत होती आणि मी तिला धरून तेल चोळत होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

सकाळी सहाला दिवा लावला. शिवणयंत्राखाली मी ब्लाउजच्या चिंध्यांची टोपली ठेवते. तिच्यावर लोकरीचा ढीग होता आणि तो ढीग हलत होता. टोपलीत चार पिल्लं होती आणि दोन बाहेर, उघड्या कोट्याच्या लादीवर. नोव्हेंबर संपत आला होता, लादी बर्फासारखी झालेली. त्यातलं एक गेलेलं होतं. दुसरं हातात घेतलं तर दगडासारखं गार, पण तोंड एकदा किंचित उघडलं. दोन्ही तळव्यांत धरून मी ते छातीशी घेतलं आणि तशीच जमिनीवर बसले. किती वेळ गेला कोण जाणे, वीस मिनिटं तरी असतील. आधी एक मागचा पाय ताणला गेला. मग सगळं अंग एकदम उसळलं, नवजात पिल्लं उसळतात तसं, आणि मला रडू आलं.

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, लहानपण शेतावर गेलेलं. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, ही अपुऱ्या दिवसांची आहेत. जगायची नाहीत. सशाचं पिल्लू मी पाहिलंय, डोळे उघडे असतात, अंगभर केस असतात.’’ त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. शेतातला ससा आणि हा पिंजऱ्यातला ससा यांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो, पण हे दोन वेगळे प्राणी. रानातल्या सशाची पिल्लं लोकर घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पाळीव सशाचं मूळ युरोपातलं, तो बिळात व्यायचा, म्हणून त्याची पिल्लं उघडी, आंधळी, बहिरी येतात. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आमची पाचही पिल्लं पूर्ण दिवसांची होती. हे मला दुपारी कळलं.

तोवर घरात सगळ्यांच्या सूचना चालू होत्या. शेजारच्या बेन दारातून म्हणाल्या, ‘‘हाथ ना लगाडता हं, मा छोडी देशे.’’ सासूबाईंनी कापसाचा बोळा गाईच्या दुधात भिजवून आणला. आणि बुंदी? ती टोपलीकडे फिरकतही नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून पडली होती. आईने टाकलं, असंच कोणीही म्हणालं असतं.

दुपारी सगळ्यांना घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणंदला शिकलेल्या, आणि सशांची त्यांना मनापासून आवड. त्यांनी पिल्लं एकेक करून उजेडात धरली. ‘‘हे बघा,’’ म्हणाल्या. पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसत होतं. म्हणजे आईने पहाटेच पाजलं होतं. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही अंधारात आणि तीन-चार मिनिटंच. एरवी ती पिल्लांपासून लांब राहते, कारण सारखी ये-जा करून तिला बिळाची जागा कोणाला दाखवायची नसते. लांब बसते तेव्हा ती पिल्लं सांभाळतच असते. पिल्लाला हात लावल्याने पाळीव सशीण त्याला टाकत नाही. हात धुवायचे, घरट्यातलं गवत हाताला चोळायचं, रोज एकदा बघायचं. पोट गोल आणि अंग गरम असलं तर काही करायचं नाही. पोट खपाटीला आणि कातडी सुरकुतलेली असली तर लगेच डॉक्टर. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काही घालायचं नाही, आधी ऊब द्यायची. गाईचं दूध तर नकोच. बोळ्याने पाजताना ते श्वासात गेलं की पिल्लू हातातच जातं.

मग त्यांनी शेवला उचललं, उताणं धरलं, दोन बोटांनी जरासं दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘‘हा तिच्याबरोबरच आहे का?’’

हा. बहीण नव्हतीच. लहान वयात नर-मादी ओळखणं अवघडच असतं. नराच्या गोळ्या दहा-बारा आठवड्यांनी खाली उतरतात आणि घाबरला की त्या आत ओढूनही घेतो. पण मला त्या क्षणी त्यांच्या पुढच्या वाक्याने धडकी भरली. सशिणीला माजाचे ठरलेले दिवस नसतात. नराशी संबंध आला की दहा-बारा तासांत बीज सुटतं, आणि व्याल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. संबंधाला लागतात काही सेकंद. त्या रात्री आणि सकाळभर शेव त्याच खोलीत होता.

घरी येताच त्याला वेगळं केलं, मधलं दार लावलं. मी कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि 31 दिवस मोजले. एकतिसाव्या रात्री बुंदीने तोंडात काड्या घेतल्या. या वेळी फळवाल्याकडून आणलेली लाकडी पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात तयार होती, आत गवत भरलेलं, चिंध्या नाहीत. चिंध्यांचा दोरा पिल्लांच्या पायाला गुंडाळतो. चार झाली, चारही पेटीत, एकही बाहेर नाही.

त्या दिवसांत एकदा पहाटे साडेचारला मला जाग आली आणि मी दाराच्या फटीतून पाहिलं. बुंदी पेटीपाशी आली, कान फिरवून ऐकलं, आणि टुणकन आत गेली. ती नुसती चारी पायांवर उभी होती. खाली पिल्लं उताणी होऊन तिला चिकटली होती, आणि लुचल्याचा बारीक चुटचुट आवाज त्या शांततेत दारापर्यंत येत होता. मी मनात आकडे मोजत होते, दोनशेपर्यंतही गेले नसेन. ती बाहेर उडाली, पाय झाडले आणि सरळ गवत खायला गेली.

दोन वेतं पाठोपाठ झाल्याने ती खंगली होती. तिला त्या काळात गाईंसाठी विकतात तो ताजा रजको मिळायचा, म्हणजे आपली लसूणघास. बाकीच्यांना रोज नाही, त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार असतो. पिल्लं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची हे लेकीचं काम. पहिल्या दिवशीची 48 ग्रॅमची नोंद तिच्या वहीत अजून आहे, आठवड्यात ते दुप्पट झालं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर स्पीकर आणि खाली ही सगळी भेदरलेली, म्हणून आम्ही खिडक्या बंद करून दिवसभर खोलीत बसलो. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय एकही पिल्लू कोणाला दिलं नाही. सात चांगल्या घरी गेली. लादीवर गार सापडलेलं आणि त्याची एक बहीण राहिली. शेवचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरही सहा आठवडे मधलं दार बंदच ठेवलं, कारण तेवढा काळ नराचा भरवसा नसतो. पुढच्या पावसाळ्यात बुंदीचंही केलं. मादीला वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर पुष्कळदा होतो. ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवत नाहीत, त्याला ओकारी येतच नाही, हेही तेव्हाच शिकले.

तर, कळलं कसं नाही? कळण्यासारखं नव्हतं, आणि जे होतं ते मला वाचता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं तर बाराव्या दिवशी जाणत्या हाताला पोटात मण्यांसारखे गर्भ लागतात. आपण स्वतः दाबून बघायचं नाही. आता कोणी नवे ससे आणले म्हणून सांगितलं की मी बहीण की भाऊ हे विचारतच नाही. दोघांमध्ये आजच जाळी लावा म्हणते, डॉक्टर सांगेपर्यंत काढू नका.

परवा कारेलीबागेतून एका ताईंचा फोन आला, रात्री अकराला. सशीण पोटाचे केस उपटतेय, तेल लावू का? मी म्हटलं, तेल ठेवा खाली. एक खोकं घ्या, गवत भरा, अंधारात ठेवा, दुसरा ससा दुसऱ्या खोलीत न्या आणि दिवा मालवा. आणि कॅलेंडरवर आजची तारीख लिहून 31 दिवस मोजून ठेवा.