तीन आरओ मशीन आणि एक लाईट बिल

मार्च एंड आला की आमच्या ऑफिसचा फोन थांबत नाही. मी वाळूजला उद्योजकांच्या एका संघटनेत नोकरी करतो, मसिआ किंवा सीएमआयए एवढी मोठी नाही आमची, मेंबर बहुतेक जॉबवर्कवाले, म्हणजे दुसऱ्यांची कामं करून देणारे छोटे कारखानदार, आणि वरती दोन-चार मोठ्या कंपन्या. तर 26 मार्चला त्यातल्याच एका कंपनीच्या एचआर मॅनेजरचा फोन, "सर, सीएसआरचे 9 लाख शिल्लकेत, 31 च्या आत लावायचेत, शाळा बघा ना एखादी, आरओ टाकून देऊ."

आता हे सीएसआर म्हणजे कंपनी कायद्याचं कलम 135, 1 एप्रिल 2014 पासून लागू. नेटवर्थ 500 कोटी, नाहीतर टर्नओव्हर 1000 कोटी, नाहीतर निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामाला घालायचे. आमचे जॉबवर्कवाले यात कुठंच बसत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

दुपारी गाडी काढून गंगापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत गेलो. व्हरांड्यात आधीच तीन आरओ मशीन, वर तीन ग्रॅनाइटच्या पाट्या. एकीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, दुसरीवर खिचडीची ताटं पालथी घातलेली, तिसरीच्या नळात कोळ्यानं घर केलेलं. पोरं हापशावर पाणी पिऊ लागलेली. मी विचारलं पाणी का येत नाही, तर खिचडीवाल्या मावशी म्हणल्या, "कामून म्हणून काय विचारता, लाईटच नाही तर मशीन काय हवेवर चालंल?"

बिल थकलं म्हणून लाईट कापलेली. बिल किती, तर 13 हजार आणि वर काहीतरी. बोअरचं पाणी जड, क्षारानं मेंब्रेन, म्हणजे मशीनमधली गाळणी, चोक होतं, ते बदलायला कोणी येत नाही, हे सरांनी सांगितलं ते वेगळंच. खोटं कशाला बोलू, दोन नंबरच्या मशीनच्या उद्घाटनाला नारळ मीच घेऊन गेलो होतो.

तिथूनच मॅनेजरला फोन लावला की बिल भरा आणि मेंटेनन्स बघा. तर म्हणे, "बिल ऑडिटला कसं दाखवू? आणि फोटो कशाचा काढू?" माणूस वाईट नाही हो, त्याला वरून तेच विचारतात.

संध्याकाळी मीटिंगमध्ये मी हे सगळं जरा चिडूनच सांगितलं. मागं एक प्रेस शॉपवाले बसलेले, 22 कामगार, सीएसआरशी काडीचा संबंध नाही. त्यांनी फक्त विचारलं, किती बिल? आणि तिथंच मोबाईलवरून भरून टाकलं. "माझ्या हेल्परची पोरं तिथंच आहेत," एवढंच. लाईट जोडून आल्यावर त्यांचाच फिटर गेला, तिन्ही मशीनचे चांगले पार्ट काढून एक मशीन चालू केली.

त्या 9 लाखांसाठी अध्यक्षांनी कंपनीच्या डायरेक्टरला फोन केला, आणि खरं सांगायचं तर संघटनेचा उपयोग इथंच होतो, कारण माझं कोण ऐकतं. 2021 पासून नियम असा आहे की बोर्डानं चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर उरलेले पैसे 30 एप्रिलच्या आत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकता येतात आणि पुढच्या तीन वर्षांत वापरता येतात. म्हणजे चार दिवसांत उधळायची गरजच नव्हती. त्यांच्या सीएनं हो म्हणल्यावर सहा शाळांच्या जुन्या मशीनचा मेंटेनन्स ठरला, काम आमच्या संघटनेच्या ट्रस्टकडं, सीएसआरचं काम घ्यायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी त्याची आधीच करून ठेवलेली. आणि कोणत्या गावात कोणी काय दिलंय याची एक एक्सेल शीट सुरू केली, ती भरताना कळलं की एकाच रोडवरच्या चार शाळांत सगळ्यांनी आरओच दिलेत, मुतारीला पाणी कुणीच नाही.

मॅनेजरचा परत फोन, "सर, पाटी लावायची ना पण?"

परवा शाळेत गेलो होतो. मशीन चालू आहे. बाहेर बोअरची मोटार हलते म्हणून फिटरनं सरांना विचारून लेव्हलला खाली एक ग्रॅनाइटची पाटी घातलीय, नाव खालच्या अंगाला. वाकून बघितली, दोन नंबरच्या मशीनची आहे.