संडासच्या रांगेत कोणी कोणाला गद्दार म्हणत नाही

वरळीच्या बीडीडी चाळीत शिवसेनेच्या शाखेबाहेरचा फळा आमच्याच मजल्यावरचे एक काका लिहायचे. दिवसभर नोकरी, संध्याकाळी खडू. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, कोणाचं निधन, कोणाच्या पोरीला दहावीत किती टक्के, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. केईएममध्ये बेड हवा असला की माणूस आधी शाखेत जायचा, मग हॉस्पिटलात. पक्षाची विचारधारा टीव्हीवर. आमच्या लेखी पक्ष म्हणजे रात्री दोनला दार वाजवलं तर लुंगी सावरत उठणारा माणूस.

२०२२च्या जूनमध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. २९ तारखेला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी शिंदेंनी शपथ घेतली. त्या आठवड्यात सगळ्या मजल्यावर एकच बातमी, फक्त चॅनल वेगळे. माझा दादा एका बाजूला, समोरच्या खोलीतले भावोजी दुसऱ्या. दोघं पॅसेजमध्ये उभे राहून इतके तावातावाने भांडले की आईने मध्ये चहा नेऊन ठेवला. पण १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि संडास सामायिक. सकाळी रांगेत उभं राहायचंच. हातात बादली घेऊन कोणी कोणाला गद्दार म्हणत नाही. दादा म्हणाला, ‘‘भावोजी, तुम्ही व्हा पुढे, तुम्हाला सातची ड्युटी आहे.’’ संपलं भांडण. संध्याकाळी पुन्हा सुरू, ते वेगळं.

आणि काका? दोन्हीकडून निरोप आले, कडक काहीतरी लिहा म्हणून. काकांनी दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची वेळ लिहिली आणि गुडघे दुखतात म्हणून घरी बसले.

पुनर्विकासाचं आमच्याकडे कोणाला अप्रूप राहिलं नव्हतं. जांबोरी मैदानात २०१७ला फडणवीसांनी भूमिपूजन केलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये ठाकरे-पवारांनी नारळ फोडला. जमीन तीच. २०२२मध्ये नामकरणही उरकलं: वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. आघाडीत पक्ष तीन, चाळीही तीन, वाटणी चोख! शिवडीची चाळ पोर्ट ट्रस्टच्या जागेवर, ती या हिशेबात नव्हती. थोड्याच दिवसांत सरकार पडलं. टॅक्सीवाल्याला आम्ही आजही ‘बीडीडी’च सांगतो.

मग खरंच बिल्डिंगी रिकाम्या व्हायला लागल्या. महिना पंचवीस हजार भाडं मिळतं, त्यात वरळीत धड काही येत नाही. आम्ही कळव्याला, भावोजी विक्रोळीला, काका मुलीकडे डोंबिवलीला. ५०० फुटांचं घर मिळणार, स्वतःचा संडास मिळणार. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा आमच्या मजल्यावरच्या रांगेत उभं राहून दाखवावं. चाळीच्या संस्कृतीवर लेख लिहिणारे बहुतेक कधीच तिथून निघून गेलेले असतात.

फक्त एक झालं. दादा आणि भावोजींचं भांडण व्हॉट्सअॅपवर गेलं. ग्रुप काढला होता भाड्याची, कागदपत्रांची माहिती देण्यासाठी. ‘राजकारण नको’ असं वरतीच लिहिलेलं. निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदेंना दिला त्या दिवशी दोघांनी एकमेकांचे बाप काढले. हे दोन बाप मेले तोवर एकत्र कॅरम खेळत होते. सकाळी रांग नव्हती, त्यामुळे माघार घ्यायला जागाच राहिली नाही. दादाने ग्रुप सोडला. पक्ष फुटला म्हणून आमचा मजला फुटला असं आई म्हणते. मला नाही पटत. फूट पचवली असती आम्ही, मजला जागेवर असता तर.

मग आली महापालिकेची निवडणूक. २०१७नंतर थेट २०२६, १५ जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस. मतदार यादीत पत्ता अजून जुनाच, त्यामुळे कळवा, विक्रोळी, डोंबिवली, सगळा मजला ट्रेन पकडून वरळीत हजर. बायकांनी डब्यातून तिळगूळ आणलेला. रांग लागली आणि दादाच्या पुढे नेमके भावोजी. पाच मिनिटं दोघं मोबाइलमध्ये. मग भावोजींनी मागे न बघताच विचारलं, ‘‘आईचं शुगर कसं आहे?’’ दादाने रिपोर्टचा फोटोच दाखवला.

बाहेर दोन्ही बाजूंची टेबलं होती. काकांनी दोन्हीकडे तिळगूळ खाल्ला, मत कोणाला ते सांगितलं नाही. त्यांची चौकशी वेगळीच होती. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, तशा आपल्या मिळतील तेव्हा आपला मजला एका टॉवरला एकत्र देता येईल का? एका टेबलावरचा पोरगा म्हणाला, साहेबांना विचारतो. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, साहेब फक्त वेगळे. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि स्लिपच्या मागे वीस खोल्यांचे नंबर लिहून दोघांनाही एकेक दिली.